किलोला आठ रुपये

२०१४ साली काबूल विमानतळाच्या एका कडेला उभी असलेली सोळा मालवाहू विमानं मोडीत निघाली. ती अमेरिकेने अफगाण हवाई दलासाठी विकत घेतलेली. विमान म्हणून नव्हे, धातूचा ढीग म्हणून, वजनावर. घेणारी एक स्थानिक बांधकाम कंपनी. भाव पौंडाला सहा सेंट. सोळांचे मिळून अमेरिकन सरकारच्या हातात सुमारे ३२,००० डॉलर पडले. याच जातीची आणखी चार विमानं जर्मनीतल्या रामश्टाइन तळावर उभी होती. अशा एकूण वीस विमानांवर झालेल्या खर्चाचा अखेरचा हिशेब लागला तेव्हा आकडा निघाला ५४.९ कोटी डॉलर.

डॉलर आणि पौंडांत हे नीट अंगाला लागत नाही, म्हणून मी आपल्या मापात करून पाहिलं. तेव्हा डॉलर एकसष्ट रुपयांच्या आसपास होता. म्हणजे किलोला आठ रुपये. त्या वर्षी आमच्या सोसायटीत येणारा रद्दीवाला जुन्या वर्तमानपत्रांना याहून बरा भाव देत होता, आणि तोही काट्याशी खेळून. गेले सुमारे तेहतीसशे कोटी रुपये, आले साडेएकोणीस लाख.

अफगाणिस्तानातल्या युद्धावर टीका करायची तर मोठे आकडे हाताशी आहेतच. ते पुढे येतीलही. पण मोठ्या आकड्यांची एक गंमत असते, ते ऐकून कुणालाच लाज वाटत नाही. दोन लाख कोटी डॉलर म्हटलं की माणूस मान हलवतो आणि चहा पितो. वीस विमानांचं तसं नाही. ती मोजता येतात. कोणी मागितली, कोणी विकली, किती उडाली, कोणी मोडली, हे सगळं कागदावर आहे. फक्त एक रकाना कोरा आहे. याबद्दल शिक्षा कोणाला झाली, तो.

आता विमान कोणतं ते पाहू. जी-२२२. आराखडा इटलीच्या फियाटचा, पहिलं उड्डाण १९७० चं. दोन टर्बोप्रॉप इंजिनं, धडाच्या वर बसवलेले पंख, मागून उघडणारं दार, आखूड धावपट्टीवर चढ-उतार करण्याची क्षमता. विमान वाईट नव्हतं. आपल्या काळात, आपल्या देशात त्याने चाकरी केली आणि २००५ च्या सुमारास इटलीच्या हवाई दलाने त्याला निरोप दिला. नवीन जी-२२२ बनणं तर त्याआधीच थांबलं होतं.

खरी मेख पुढे आहे. खुद्द अमेरिकन हवाई दलाने नव्वदच्या दशकात याच विमानाचे दहा नग खरेदी केले होते, सी-२७ए या नावाने, पनामातल्या हॉवर्ड तळासाठी. १९९९ साली ती काढून टाकली. कारण देखभाल परवडेना. म्हणजे जे स्थळ स्वतः पाहून, नांदून, सोडून दिलेलं, तेच नऊ वर्षांनी दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं ठरलं. तो दुसरा कोण, तर ज्याच्याकडे कारखाने नाहीत, प्रशिक्षित मेकॅनिक मूठभर आहेत, आणि ज्याच्या घरात युद्ध चालू आहे.

हे ठरलं २००८ मध्ये. अफगाण सरकारला स्वतःचं हवाई दल हवं, यात चुकीचं काहीच नव्हतं. देशात नाव घेण्याजोगी रेल्वे नाही, मध्ये हिंदुकुश, रस्त्यात सुरुंग. दूरच्या चौकीवर पीठ पोचवायचं, जखमी शिपाई काबूलला आणायचा, निवडणुकीच्या मतपेट्या हलवायच्या, तर हवेतूनच. या कामाला अफगाण हवाई दलाकडे सोव्हिएत काळापासूनची अँटोनोव्ह विमानं होती, एएन-२६ आणि एएन-३२. वैमानिकांचा हात त्यांवर बसलेला, मिस्त्र्यांना त्यांचे नट-बोल्ट पाठ.

एएन-३२ विषयी एक गोष्ट सांगायलाच हवी. उष्ण हवेत आणि उंच धावपट्ट्यांवर दम न लागणारं विमान पाहिजे, ही मागणी मुळात भारताची होती. सत्तरच्या दशकात ते आपल्यासाठीच घडवलं गेलं. आपल्या हवाई दलाने त्याचं नाव 'सतलज' ठेवलं आणि लेहपासून ईशान्येपर्यंत दशकानुदशकं राबवलं. काबूलचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,७९० मीटरवर आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहूनही दीडशे मीटर वर. ज्याने उन्हाळ्याच्या दुपारी भरलेल्या टेम्पोतून खंबाटकी घाट चढला आहे, त्याला विरळ आणि तापलेल्या हवेत इंजिनाचं काय होतं हे वेगळं समजावून सांगायला नको. त्या हवेसाठीच बेतलेलं विमान अफगाणांच्या दारात उभं होतं. पण ते सोव्हिएत घराण्याचं. २०११ मध्ये अफगाण हवाई दलातली शेवटची एएन-३२ निवृत्त करण्यात आली.

त्यांच्या जागी जी-२२२. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकन हवाई दलाने अलेनिया या इटालियन कंपनीच्या अमेरिकेतल्या शाखेशी कंत्राट केलं. इटलीच्या हवाई दलाने वापरून ठेवलेली विमानं घ्यायची, त्यांची डागडुजी करायची, काबूलला पोचवायची, आणि पुढे देखभाल आणि सुट्या भागांचंही बघायचं. सुरुवातीचा आकडा २८.७ कोटी डॉलर. पैसा अफगाणिस्तान सुरक्षा दल निधीतून, जो अमेरिकन काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, खास अफगाण लष्कर-पोलिसांसाठी उघडलेला गल्ला होता. पहिली विमानं २००९ मध्ये आली. पाहुणे, फीत, फोटो, जे असतं ते सगळं झालं.

मग विमानं उभी राहायला लागली.

सुटे भाग मिळेनात. मिळतील कसे? जे विमान बनत नाही त्याचे भाग बाजारात नसतात, कुठल्या तरी दुसऱ्या जुन्या विमानातून काढावे लागतात किंवा नव्याने घडवावे लागतात. ज्याच्याकडे बंद झालेल्या मॉडेलची गाडी आहे त्याला हे माहीत असतं. क्लच प्लेटसाठी आधी शोरूम, मग जुना बाजार, मग कुणाच्या तरी ओळखीचा गॅरेजवाला. फरक इतकाच, की गाडी रस्त्याच्या कडेला बंद पडते, विमान दोन डोंगरांच्या मध्ये.

पेंटागॉनच्याच, म्हणजे अमेरिकन संरक्षण खात्याच्याच, महानिरीक्षकांनी जानेवारी २०१३ मध्ये अहवाल दिला. जानेवारी ते सप्टेंबर २०१२ या नऊ महिन्यांत या ताफ्याने ४,५०० तास उडायला हवं होतं. प्रत्यक्षात उडाला २३४ तास. मी हे काबुलातल्या सोळा विमानांवर वाटून पाहिलं. दर विमानाच्या वाट्याला महिन्याला जेमतेम दीड-पावणेदोन तास येतात. पुण्याहून दिल्लीला विमानाने जायलाही याहून जास्त वेळ लागतो. आणि हा ताफा नीट चालवायचा तर आणखी २० कोटी डॉलरचे सुटे भाग लागू शकतील, असंही त्याच अहवालात होतं. म्हणजे ज्या म्हशीने दूध द्यायचं नाकारलं तिच्यासाठी आणखी एक गोठा.

या सगळ्या काळात काबूल विमानतळावर अमेरिकन सल्लागारांचं जगणं कसं होतं, तेही या प्रकरणात मोडतं. २७ एप्रिल २०११ रोजी तिथे अफगाण हवाई दलाच्याच एका अधिकाऱ्याने बैठकीच्या वेळी गोळ्या झाडून अमेरिकन हवाई दलाच्या आठ जणांना आणि एका अमेरिकन कंत्राटी सल्लागाराला ठार मारलं. हे नऊही जण अफगाण हवाई दल उभारण्याच्या कामावर होते. त्यानंतर शिकवणाऱ्यांच्या शेजारी शस्त्रधारी पहारेकरी उभे राहायला लागले. एका हाताने इंजिनाची वही दाखवायची आणि खांद्यामागे आपलाच माणूस बंदूक घेऊन उभा. अशा वर्गात कोण कोणाला काय शिकवणार? ज्यांच्यासाठी विमानं आणली त्यांच्यावर विश्वास नाही, आणि ज्यांनी आणली त्यांना वर्षभरात घरी जायचंय. या दुसऱ्या गोष्टीकडे मी परत येणार आहे, कारण माझ्या मते सगळं प्रकरण त्यातच आहे.

२०१२ च्या डिसेंबरात अमेरिकन हवाई दलाने ठरवलं की पुरे. मार्च २०१३ मध्ये देखभालीचं कंत्राट संपलं ते पुढे वाढवलं नाही. विमानं होती तिथेच राहिली.

इथे जॉन सोपको येतात. अफगाणिस्तान पुनर्बांधणीचे विशेष महानिरीक्षक हे त्यांचं तेव्हाचं पद. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्या कार्यालयाला सगळे 'सिगार' म्हणत. सोपको पेशाने सरकारी वकील, तोंडाने फटकळ, २०१२ ते २०२५ या पदावर होते. काबूल विमानतळावर येता-जाता त्यांना ही विमानं ओळीत उभी दिसत. हे काय आहे, असं त्यांनी विचारायला सुरुवात केली आणि २०१३ च्या अखेरीस रीतसर चौकशी लावली. ती चालू असतानाच कळलं, की ज्यांची चौकशी चालली आहे ती विमानं आता नाहीत. पेंटागॉनच्या पुरवठा खात्याने त्यांचं भंगार केलं. ३ ऑक्टोबर २०१४ रोजी सोपकोंनी हवाई दलाच्या तत्कालीन सचिव डेबोरा ली जेम्स यांना पत्र लिहिलं. भंगारात घालण्याआधी विकण्याचा, पैसे वाचवण्याचा दुसरा कोणता पर्याय पाहिला का, ही त्यांची मुख्य विचारणा होती. आणि जर्मनीतल्या चारांचं काय करताय, तेही कळवा.

आपल्याकडे चोरी झाल्यावर पोलीस येईपर्यंत घर झाडू नये म्हणतात. इथे तर घरच किलोवर विकलं. पुरावा नष्ट करण्यासाठी केलं, असा आरोप मी करत नाही. मला तसं वाटतही नाही. मला वाटतं ते याहून वाईट आहे. कुणाच्या तरी यादीत 'जागा मोकळी करणे' हे काम होतं आणि त्याने ते वेळेत पार पाडलं.

सिगारचा सविस्तर अहवाल यायला फेब्रुवारी २०२१ उजाडलं. कंत्राट होऊन बारा वर्षं, विमानं मोडीत जाऊन सहाहून जास्त. त्यात ५४.९ कोटींचा हिशेब आहे, आणि एका निवृत्त जनरलचीही गोष्ट आहे. हवाई दलात असताना या कार्यक्रमात त्यांचा मोठा हात होता. निवृत्त झाल्यावर ते याच कार्यक्रमात विकणाऱ्या कंपनीच्या बाजूने काम पाहू लागले. हा हितसंबंधांचा उघड संघर्ष आहे, असं सिगारचं म्हणणं. प्रकरण अमेरिकेच्या न्याय खात्याकडे गेलं होतं. मे २०२० मध्ये न्याय खात्याने कळवलं, की यात ना फौजदारी खटला भरणार, ना दिवाणी. संपलं.

आता इथे बहुतेक लेखक अमेरिकन राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरचं १९६१ चं निरोपाचं भाषण आणतात. लष्कर आणि कारखानदार यांच्या युतीपासून सावध राहा, वगैरे. ते भाषण खरं आहे, पण इथे ते आणलं की प्रकरण फार सोपं होऊन जातं. एक लोभी कंपनी, एक फितूर जनरल, एक झोपलेलं सरकार, आणि वाचणारा मोकळा. मला हे पटत नाही. पन्नास-पंचावन्न कोटी डॉलर ही पेंटागॉनच्या घरात किरकोळ रक्कम आहे. एवढ्यासाठी कुणी कट करत नाही. हे कटाशिवाय घडलं, रोजच्या कामकाजातून घडलं, हाच मुद्दा आहे.

ते कसं, ते बघा. अफगाणिस्तानात जाणाऱ्या अमेरिकन सल्लागाराची नेमणूक साधारण वर्षभराची. पहिले दोन-तीन महिने माणसं आणि कागद समजून घेण्यात, शेवटचे दोन परतीच्या तयारीत. मधल्या काळात जे सुरू केलं ते त्याच्या सेवापुस्तिकेत चढतं. 'अफगाण हवाई दलासाठी विमानं आणली' ही नोंद चांगली दिसते. 'आणलेली विमानं उडत नाहीत असं कळवलं' ही नोंद कुठल्याच बढतीला उपयोगी नाही. मग पुढचा येतो, त्याला ती विमानं वारशात मिळतात, त्याची चूक नसते, तोही वर्ष काढतो. निधीचंही तसंच. सुरक्षा दल निधीतला पैसा दोन वर्षांत कुठल्या तरी कंत्राटात बांधून टाकावा लागे, नाहीतर परत. मार्चअखेरीला आपल्या सरकारी कचेऱ्यांत अचानक खुर्च्या आणि संगणक का विकत घेतले जातात हे ज्याने पाहिलंय, त्याला हे कळायला वॉशिंग्टनला जावं लागत नाही.

वीस वर्षं चाललेल्या त्या युद्धात वीस वर्षांचा विचार करायला कुणीच नेमलेला नव्हता. वर्षावर्षाची पाळी होती.

आणि ही पाळी लांबवणं फुकट होतं. म्हणजे मत देणाऱ्यांच्या दृष्टीने फुकट. युद्धाची परवानगी ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर तिसऱ्या दिवशी, १४ सप्टेंबर २००१ रोजी काँग्रेसने दिली. सिनेटमध्ये ९८ विरुद्ध शून्य, प्रतिनिधी सभागृहात ४२० विरुद्ध एक. तो एक म्हणजे कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली. त्या ठरावाच्या गाभ्यात जेमतेम साठ शब्द. त्यांत ना मुदत, ना देशाचं नाव. त्याच साठ शब्दांच्या आधाराने पुढे चार राष्ट्राध्यक्षांनी कारवाया केल्या, अफगाणिस्तानातच नव्हे, येमेन आणि सोमालियातही. सक्तीची लष्करभरती १९७३ मध्येच थांबलेली, त्यामुळे ज्याच्या घरात कुणी सैन्यात नाही त्याच्या घरी युद्ध फक्त टीव्हीवर. युद्धासाठी वेगळा कर लावला नाही, उलट कर कमी केले आणि पैसा कर्जाने उभा केला. वर्षानुवर्षं हा खर्च नेहमीच्या अंदाजपत्रकाबाहेर, 'तातडीची बाब' म्हणून मंजूर होत राहिला. वीस वर्षं तातडी! आमच्या नगरपालिकेनेही एवढी हिंमत केलेली नाही.

ज्या घरात किराण्याचं बिल दुकानदाराच्या वहीत लिहिलं जातं आणि ते फेडायचं नातवंडांनी, त्या घरात डब्यातल्या तांदळाला कीड लागली तर कोण रागावणार? जी-२२२ वर चिडायला अमेरिकेत माणूस शोधावा लागला. तो सापडला सोपकोंच्या रूपाने, आणि त्यांच्या हातात फक्त पत्र लिहिण्याचा अधिकार.

दुसरी बाजूही आहे आणि ती सरळ नाकारण्यासारखी नाही. काही जण म्हणतील, युद्धात घाई असते, दहा गोष्टी करून बघाव्या लागतात, त्यांतल्या चार फसतात. दुसऱ्या महायुद्धात काय सगळी विमानं नीट उडाली? हे बरोबर आहे. पण त्या युद्धात अमेरिका पावणेचार वर्षं लढली आणि फसलेली गोष्ट सहा महिन्यांत बदलली जाई, कारण हरण्याची भीती खरी होती. अफगाणिस्तानात ती भीती वॉशिंग्टनला कधीच नव्हती. ती होती दक्षिणेतल्या हेलमंद प्रांताच्या चौकीवरच्या शिपायाला, ज्याचं पीठ आणि औषध त्या न उडणाऱ्या विमानात यायचं होतं. प्रयोग एकाचा आणि रुग्ण दुसऱ्याचा, असं असलं की प्रयोग फसले तरी चालतात.

त्या शिपायांचा आकडाही सांगून ठेवतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सिगारने दिलेल्या हिशेबानुसार वीस वर्षांत अमेरिकेचे २,४४३ सैनिक मारले गेले आणि अफगाण सैनिक व पोलीस किमान ६६,०००. नागरिक ४८,००० हून जास्त. अमेरिकन वर्तमानपत्रांत पहिला आकडा ठळक असतो. ब्राउन विद्यापीठाच्या अभ्यासगटाने अमेरिकेचा या युद्धावरचा खर्च २.३ लाख कोटी डॉलर काढला आहे. सिगारने तपासलेल्या ६३ अब्ज डॉलरच्या पुनर्बांधणी खर्चापैकी सुमारे १९ अब्ज उधळपट्टी, अफरातफर आणि गैरवापरात गेले. जी-२२२ त्यातला एक दाणा.

या सैन्यातली काही मुलं आपल्या अगदी जवळ शिकून गेली होती. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत आणि डेहराडूनच्या अकादमीत अफगाण कॅडेट असत. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडलं तेव्हा जे प्रशिक्षणात होते त्यांना कळेना, की आपण कोणत्या सैन्यात अधिकारी होणार आहोत. पुण्यात त्या वेळी अफगाण विद्यार्थीही हजारोंच्या संख्येने होते. व्हिसा संपत आलेला, घरून पैसे येणं थांबलेलं, आणि घरी फोन लावावा तर पलीकडे कुजबुज. हे आपण पाहिलं, आणि मग दिवाळी आली.

धडा घेतला गेला का? जी-२२२ मोडीत जाऊन तीन वर्षं झाली नाहीत तोच तीच गोष्ट हेलिकॉप्टरांच्या बाबतीत झाली. अफगाणांचा हात बसला होता तो रशियन बनावटीच्या एमआय-१७ वर. बोजड, कुरूप, पण डोंगर चढणारं आणि ओबडधोबड दुरुस्ती सोसणारं यंत्र. त्याच्या देखभालीचं बहुतेक काम अफगाण मेकॅनिक स्वतः करू लागले होते. अमेरिकेने आधी रशियाकडूनच ती विकत घेऊन अफगाणांना दिली होती. मग रशियाने सीरियाला शस्त्रं पुरवली, मग क्रिमिया घेतला, आणि रशियाला पैसे देणं वॉशिंग्टनमध्ये अशक्य झालं. कनेटिकट राज्याचे लोकप्रतिनिधी या खरेदीविरुद्ध सर्वांत मोठ्याने बोलत होते. ब्लॅक हॉक बनवणाऱ्या सिकॉर्स्कीचा कारखाना त्याच राज्यात आहे. तर ठरलं, की एमआय-१७ काढून १५९ ब्लॅक हॉक द्यायची. तीही कोरी करकरीत नव्हेत, जुनी, डागडुजी केलेली. २०१७ च्या सप्टेंबरात पहिली दोन कंदाहारला उतरली.

पेंटागॉनच्या तपासनिसांनीच मग लिहिलं, की एका एमआय-१७ चं ओझं न्यायला जवळपास दोन ब्लॅक हॉक लागतात, उंचावर ती एमआय-१७ इतकी चढत नाहीत, आणि त्यांची देखभाल जवळजवळ पूर्णपणे परदेशी कंत्राटदारांच्या हातात आहे. हे वाचताना मला सारखं वाटत होतं की मागचाच अहवाल आहे, फक्त विमानाचं नाव खोडून हेलिकॉप्टरचं घातलंय.

२९ फेब्रुवारी २०२० रोजी कतारमधल्या दोहात अमेरिकेने तालिबानशी करार केला. ज्या सरकारसाठी हवाई दल उभारलं जात होतं, ते सरकार त्या टेबलावर नव्हतं. सैनिकांबरोबर कंत्राटदारही निघून जातील, असं करारात होतं. ते गेले तर अफगाणांची विमानं काही महिन्यांत जमिनीवर येतील, असा इशारा सिगारने २०२१ च्या आरंभी दिला होता. उन्हाळ्यात तसंच झालं. देशाबाहेर बसलेले तंत्रज्ञ झूमवर सूचना द्यायचे आणि इकडे अफगाण मेकॅनिक उघड्या इंजिनासमोर टॅबलेट धरून उभे. करोनाच्या त्या वर्षी आपली मुलं ऑनलाइन बीजगणित शिकत होती. त्यातलं त्यांना किती कळलं हे आई-बापांना ठाऊक आहे.

१५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडलं. त्या एक-दोन दिवसांत अफगाण वैमानिकांनी जेवढी उडतील तेवढी विमानं घेऊन सीमा ओलांडली. उझबेकिस्तान सरकारने सांगितलं त्याप्रमाणे एकट्या त्यांच्या देशात ४६ उतरली, २२ विमानं आणि २४ हेलिकॉप्टरं. वैमानिक होते, यंत्रंही उडत होती, फक्त उतरायला देश उरला नव्हता.

३० ऑगस्टला रात्री अमेरिकेचं शेवटचं सी-१७ मालवाहू विमान काबूलहून निघालं. त्याआधी विमानतळावर उरलेली ७३ विमानं आणि हेलिकॉप्टरं अमेरिकन सैनिकांनी स्वतःच निकामी केली, पुन्हा कधी उडू नयेत म्हणून. सात वर्षांपूर्वी जिथे सोळा जी-२२२ चं भंगार झालं, तोच हा विमानतळ. या वेळी वजनकाटा आणायलाही वेळ नव्हता.